क्रिएटिनिन उतरलं म्हणजे किडनी सुधारली का?

जुनाट किडनीविकार आणि झाडपाल्याची औषधं या विषयावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत. उत्तरं किडनीविकार, द्रव्यगुण (आयुर्वेदातलं वनौषधीशास्त्र) आणि औषधशास्त्र या तिन्ही बाजूंनी तपासून दिली आहेत. रिपोर्ट पाठवून ‘औषध सुचवा’ म्हणणाऱ्यांना मात्र इथून औषध सुचवता येणार नाही.

प्रश्न (सांगली): वडील ६४ वर्षांचे, मधुमेह आणि बीपी दोन्ही आहेत. क्रिएटिनिन ३.१ आलं तेव्हा ओळखीतल्या एकांनी पुनर्नवा आणि गोखरूचा काढा दिला आणि ‘गोळ्यांचा भार किडनीवर पडतो’ म्हणून आधीच्या गोळ्या थांबवायला सांगितल्या. दीड महिन्याने क्रिएटिनिन २.६ आलं. काढा लागू पडला असं समजायचं का?

उत्तर: आधी आकडे मांडू. ६४ वर्षांच्या पुरुषाचं क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो रक्तातला टाकाऊ पदार्थ) ३.१ असेल तर ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, २०२१ च्या सीकेडी-ईपीआय सूत्राने साधारण २२ येतो. २.६ ला तो २७ येतो. दोन्ही आकडे चौथ्या टप्प्यातलेच आहेत (१५ ते २९). दोन तपासण्यांत ईजीएफआरमध्ये २० टक्क्यांपर्यंतचा फरक नुसत्या चढउतारानेही पडू शकतो, तुमच्याकडचा त्याहून किंचित जास्त आहे. तेव्हा काहीतरी बदललं हे खरं. पण त्या दीड महिन्यात एकटा काढाच सुरू झाला नाही, बाकीही बरंच बदललं.

सगळ्यात मोठा बदल बंद केलेल्या गोळ्यांचा. त्यांत रामिप्रिल, एनालाप्रिल, टेल्मिसार्टन किंवा लोसार्टन असेल तर हिशेब सोपा आहे. ही औषधं किडनीच्या गाळणीतला दाब उतरवतात. त्यामुळे सुरुवातीला क्रिएटिनिन थोडं चढतं, ३० टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर चालवून घेतात. गोळी थांबवली की दाब पुन्हा चढतो, गाळणं तात्पुरतं वाढतं आणि क्रिएटिनिन उतरतं. रिपोर्ट छान दिसतो, पण गाळणी जास्त दाबाखाली झिजत राहते आणि लघवीतून प्रथिन जास्त जाऊ लागतं. ही औषधं थांबवून किडनी वाचते का, हे ब्रिटनमधल्या स्टॉप-एसीई-आय चाचणीत पुढच्या टप्प्यातल्या ४११ रुग्णांवर तीन वर्षं पाहिलं गेलं. २०२२ साली निकाल आला: थांबवल्याने फायदा होत नाही.

दुसरं, गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅकसारखी गोळी चालू असेल आणि तीही त्याच वेळी सुटली असेल, तर तेवढ्यानेही क्रिएटिनिन उतरू शकतं. तिसरं, पथ्य. मटण-चिकन शिजवताना त्यातल्या क्रिएटिनचं क्रिएटिनिन होतं आणि ते जेवणानंतर काही तास रक्तात दिसतं. चौथं, वजन. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, त्यामुळे तोंडाची चव गेलेला, दीड महिन्यात चार किलो उतरलेला माणूस रिपोर्टात सुधारल्यासारखा दिसतो. आणि लॅब बदलली असेल तर पद्धतही बघा. काही ठिकाणी अजून जाफे पद्धत वापरतात, काही ठिकाणी एन्झायमॅटिक. जाफे पद्धतीत कीटोन, काही अँटिबायोटिक आणि वाढलेलं बिलिरुबिन यांनी आकडा हलतो.

हे सगळं बाजूला काढायचं तर एकच लॅब ठरवा, तपासणी सकाळी करा, आदल्या दिवशी मांसाहार नको, ताप किंवा जुलाब असतील तर थांबा. आठवड्याच्या अंतराने दोनदा क्रिएटिनिन, त्यातल्या एका वेळी सिस्टॅटिन-सी (हे स्नायूंवर फारसं अवलंबून नसतं), सकाळच्या पहिल्या लघवीची एसीआर (लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाचं क्रिएटिनिनशी प्रमाण) आणि रक्तातलं पोटॅशियम करा. एसीआर चढलेली आणि क्रिएटिनिन उतरलेलं, असं चित्र आलं तर ती सुधारणा नाही. पोटॅशियमची तपासणी याच आठवड्यात करा, त्याचं कारण पुढच्या एका उत्तरात आहे. बंद केलेल्या गोळ्यांबद्दल किडनीच्या डॉक्टरांना लगेच भेटा आणि काढ्याची पुडी सोबत न्या. लपवून ठेवलेल्या काढ्यामुळे डॉक्टरांचे सगळे अंदाज चुकतात.

प्रश्न (रत्नागिरी): बाजारातून आणलेली पुनर्नवा खरी आहे हे कसं ओळखायचं? आमच्या अंगणात पावसाळ्यात घेटुळी उगवते, ती चालेल का?

उत्तर: चालेल की नाही हा वैद्यांचा प्रश्न. ओळखीपुरतं सांगतो. पुनर्नवा किंवा घेटुळी म्हणजे बोरहाविया डिफ्यूजा. पानं समोरासमोर, पण जोडीतलं एक मोठं, एक लहान. पानाची खालची बाजू पांढुरकी. बारीक गुलाबी-जांभळी फुलं लांब दांड्यांवर झुपक्यांनी येतात. फळ पाच कंगोऱ्यांचं आणि चिकट, पायजम्याला लागून घरात येतं ते हेच. मूळ जाड, आडवं कापलं की आत एकात एक वर्तुळं दिसतात.

तिच्याच नावावर ट्रायन्थेमा पोर्टुलाकॅस्ट्रम विकली जाते. ती मांसल असते, फूल पानाच्या बगलेत देठाशिवाय एकेकटं बसतं, आणि बी काळं, मूत्रपिंडाच्याच आकाराचं. हा आकार पाहून तिच्यात किडनीचा गुण शोधणारेही भेटतात, तिकडे लक्ष देऊ नका. दुकानातल्या सुक्या तुकड्यांत पान नसतं आणि फूलही नसतं. पूड केल्यावर तर नुसत्या डोळ्यांनी काहीच कळत नाही.

गोखरूचंही तेच. काटे गोखरू किंवा सराटा वेगळा, मोठं गोखरू (पेडॅलियम म्युरेक्स) वेगळं. पाषाणभेदाचा घोळ तर याहून मोठा. हिमालयातली बर्जेनिया, घराघरांत कुंडीत लावलेली पानफुटी आणि दक्षिणेत आणखी तिसरीच वनस्पती, सगळ्यांना हेच नाव. त्यांतल्या पानफुटीत ब्युफाडायनोलाइड असतात. ही द्रव्यं हृदयावर डिगॉक्सिन या औषधासारखं काम करतात. ज्याची किडनी कमी चालते आणि जो डिगॉक्सिन घेतोय, त्याने सकाळी उठून पानफुटीची पानं चावणं धोक्याचं आहे.

नाव चुकल्याने काय होतं, याचं उदाहरण ब्रसेल्समधलं. १९९० च्या सुमाराला तिथल्या एका क्लिनिकमध्ये वजन उतरवण्याच्या गोळ्यांत स्टेफानिया टेट्रान्ड्रा नावाची चिनी वनस्पती घालायची होती. चिनी भाषेत दोन वनस्पतींची नावं जवळजवळ सारखी, त्यामुळे प्रत्यक्षात आली अरिस्टोलोकिया फांगची. १९९३ साली हे प्रकरण प्रसिद्ध झालं. शंभराहून अधिक जणांच्या, बहुतेक बायकांच्या, किडन्या बिघडल्या, अनेकींच्या निकामी झाल्या. पुढे काही वर्षांनी त्यांच्यातल्या अनेकींच्या मूत्रमार्गात कर्करोग सापडला. हे घडवणारं अरिस्टोलोकिक आम्ल आपल्याकडच्या ईश्वरीतही (सापसंद, अरिस्टोलोकिया इंडिका) असतं. विंचू-सापाच्या विषावर म्हणून ही मुळी गावोगाव मिळते. किडनीचा त्रास असो वा नसो, ती पोटात घेऊ नका.

खात्री करायची असेल तर फूल आणि फळ असलेली अख्खी वनस्पती मुळासकट वर्तमानपत्रात दाबून वाळवा. कुठून, कधी, कुणी काढली ते लिहा आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत किंवा भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुण्यातल्या पश्चिम विभागीय केंद्रात ओळख पटवून घ्या. पूड असेल तर सूक्ष्मदर्शक आणि एचपीटीएलसी (घटक वेगळे करून ओळखणारी चाचणी) लागते. जड धातूंचा रिपोर्ट मागा. वनौषधीत शिसं १० पीपीएम, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ यापुढे नको. ‘चाचणी केलेली आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. रिपोर्टवरचा बॅच नंबर डब्यावरच्या नंबराशी जुळतो का, ते पाहा. बहुतेक वेळा इथेच बोंब असते.

प्रश्न (जळगाव): लघवी मोकळी होण्यासाठी आईला श्वेतपर्पटी आणि रोज एक शहाळं सांगितलंय. तिचा ईजीएफआर ३० आहे. श्वेतपर्पटी तर खनिज आहे, पण काढेही चालू आहेत. त्रास होईल का?

उत्तर: होऊ शकतो, आणि तो कशाने हे आकड्यांतच बघा. श्वेतपर्पटीच्या पाठात सोरा १६ भाग, तुरटी २ भाग आणि नवसागर १ भाग. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. त्या हिशेबाने एक ग्रॅम पर्पटीत सोरा जवळपास ८४० मिलिग्रॅम, आणि त्यातलं पोटॅशियम सुमारे ३२५ मिलिग्रॅम. दिवसातून दोनदा एकेक ग्रॅम घेतली तर ६५० मिलिग्रॅम झालं. शहाळ्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात साधारण २५० मिलिग्रॅम, म्हणजे ३०० मिलिलिटरच्या शहाळ्यात ७५०. दोन्ही मिळून १४०० मिलिग्रॅम. पोटॅशियम चढणाऱ्या किडनीरुग्णाला दिवसभराचं सगळं जेवण धरून २ ते ३ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगतात.

काढ्याची गोष्ट आणखी गमतीची आहे. किडनीच्या आहारतज्ज्ञ भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकायला सांगतात, कारण पोटॅशियम पाण्यात उतरतं. काढा करताना आपण नेमकं ते पाणी आटवून पितो आणि चोथा टाकतो. शार्ङ्गधराच्या पद्धतीने एक पल, म्हणजे ४८ ग्रॅम भरड, १६ पट म्हणजे ७६८ मिलिलिटर पाण्यात घालून आठवा हिस्सा, ९६ मिलिलिटर उरेपर्यंत आटवायचा. पुनर्नवेसारख्या पोटॅशियम भरपूर असलेल्या मुळाचा असा काढा, त्यावर यवक्षार (जवाच्या राखेचा पोटॅशियमयुक्त क्षार), आणि सोबत टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन (दोन्ही पोटॅशियम अडवून ठेवतात) असेल, तर रक्तातलं पोटॅशियम ६ च्या वर जायला फार दिवस लागत नाहीत. त्याची आधी काही खूण दिसेलच असं नाही. पाय गळाल्यासारखे वाटणं आणि हृदयाचे ठोके चुकणं, एवढंच, आणि कधी तेही नाही.

तुरटीचाही मुद्दा आहे. तिच्यातलं ॲल्युमिनियम किडनीवाटेच बाहेर जातं. ज्यांची किडनी जवळपास थांबली आहे किंवा जे डायलिसिसवर आहेत, त्यांच्या हाडांत आणि मेंदूत ते साठत जातं.

आईची पर्पटी आणि शहाळं थांबवा, उद्याच पोटॅशियम तपासा आणि आकडा ५.५ च्या वर असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. ६ च्या वर असेल तर फोनवर वेळ घालवू नका, थेट ईसीजी होईल अशा रुग्णालयात न्या.

प्रश्न (म्हापसा): आमच्याकडे बिंबल भरपूर लागतं. कोलेस्टेरॉलसाठी त्याचा रस उपाशीपोटी घ्यावा असं व्हॉट्सॲपवर फिरतंय.

उत्तर: घेऊ नका. बिंबलात ऑक्झॅलेट खूप असतं. केरळमध्ये अगदी याच कारणासाठी हा रस रोज पिणाऱ्यांच्या किडन्या अचानक बंद पडल्याची प्रकरणं नोंदली गेली आहेत. बायोप्सीत किडनीच्या नलिकांत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे स्फटिक अडकलेले दिसले, काहींना डायलिसिस लागलं. निरोगी माणसाने माशाच्या कालवणात आंबटपणापुरतं घालणं वेगळं. कमरखाचं (स्टार फ्रूट) त्याहून वाईट. ऑक्झॅलेटशिवाय त्यात मेंदूवर काम करणारं द्रव्य असतं. किडनीरुग्णाला एखादं फळ खाऊनही न थांबणारी उचकी, भ्रम आणि झटके येऊ शकतात. ज्यांची किडनी कमी चालते, त्यांनी एक फोडही खाऊ नये.

प्रश्न (नाशिक): मी द्रव्यगुणात एम.डी. करते. पुनर्नवेच्या घनवटीचा (आटवलेल्या अर्काच्या गोळीचा) जुनाट किडनीविकारात अभ्यास करायचा आहे. रचना कशी असावी? विभागात ३० रुग्ण, तीन महिने, उपचारापूर्वी आणि नंतर क्रिएटिनिन, अशीच पद्धत आहे.

उत्तर: त्या पद्धतीने काय होतं, ते आधी. रुग्ण ओपीडीत येतो तो बहुतेक वेळा आकडा बिघडल्यावर. जुलाब, संसर्ग, उन्हाळा, काहीही कारण असेल. पुढच्या खेपेला आकडा आपोआप थोडा सावरतो. तुम्ही बिघडलेल्या दिवशी नोंद घेतली, मग औषध दिलं आणि सावरलेला आकडा औषधाच्या खात्यावर टाकला. तुलनेचा गट नसेल तर या चुकीतून सुटका नाही, मग ३० रुग्ण घ्या की ३००.

रुग्ण निवडताना ईजीएफआर २५ ते ६० मधले, तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ विकार असलेले, पोटॅशियम ५.० च्या आत असलेले घ्या. मूळ औषधं, म्हणजे रामिप्रिल-टेल्मिसार्टनच्या गटातलं एक आणि ज्यांना चालतं त्यांना एसजीएलटी-२ गटातलं (डापाग्लिफ्लोझिनसारखं), झेपेल त्या डोसला किमान चार आठवडे स्थिर असली पाहिजेत. ती थांबवून अभ्यास करता येणार नाही, एथिक्स कमिटीही ते मान्य करणार नाही. औषध सुरू करण्याआधी आठ ते बारा आठवडे नुसतं निरीक्षण ठेवा, त्यात तीनदा क्रिएटिनिन, आणि त्यांची सरासरी हा तुमचा पाया. या काळात काही सुधारलेले आणि काही गळालेले दिसतील. ते आधी गळालेले बरे.

गट पाडताना केसपेपर नंबरची सम-विषम विभागणी करू नका, पुढचा रुग्ण कुठे जाणार हे मग सगळ्यांना आधीच कळतं. संगणकाने यादी काढा आणि ती विभागाबाहेरच्या कुणाकडे ठेवा. काढ्याचा प्लॅसिबो, म्हणजे औषध नसलेला पण हुबेहूब नमुना, जमत नाही, वास आणि चव लगेच ओळखू येते. म्हणून घनवटी हा तुमचा निर्णय चांगला. प्लॅसिबोसाठी माल्टोडेक्स्ट्रिन, रंगासाठी थोडं कॅरमेल आणि कॅप्सूलचं अपारदर्शक कवच घ्या. बाटलीत वासासाठी दोन्ही गटांत सारखीच सुंठेची पुरचुंडी ठेवता येते. शेवटी रुग्णांना विचारा, ‘तुम्हाला काय मिळालं असं वाटतं?’ बहुतेकांनी बरोबर ओळखलं, तर पडदा फाटला होता असं समजा.

बॅच एकच हवी. हिशेब करा: दिवसाला ३ ग्रॅम घन, ८४ दिवस, औषधगटात ३० रुग्ण, म्हणजे ७.५६ किलो घन. मुळातून १० टक्के घन उतरतो असं धरलं तर सुमारे ७५ किलो सुकं मूळ, तेही एका हंगामातलं, एका ठिकाणचं, ओळख पटलेलं. थोडं थोडं तीन वेळा विकत घेतलं तर तुम्ही तीन औषधं तपासली. घनातलं पोटॅशियम मोजून घ्या आणि बोराव्हिनोन-बी या घटकावर एचपीटीएलसी ठेवा. त्या बॅचचे १०० ग्रॅम सीलबंद करून अभ्यास संपेपर्यंत जपा.

आता कळीचा मुद्दा. तीन महिन्यांत ‘किडनीचा ऱ्हास मंदावला’ हे सिद्ध होत नाही. ईजीएफआरच्या वार्षिक घसरणीत १.५ मिलिलिटरचा फरक पकडायचा, रुग्णारुग्णांतलं विचलन ५ धरलं आणि ८० टक्के पॉवर (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) ठेवली, तर प्रत्येक गटात १७४ रुग्ण लागतात. २० टक्के सोडून जातील असं धरलं तर २१८. आणि दोन-तीन वर्षं. एम.डी.च्या प्रबंधात हे बसणार नाही, आणि बसत नाही हे लिहायला लाजू नका. तुमचा अभ्यास पथदर्शी आहे असं शीर्षकातच सांगा. मुख्य निष्पत्ती सुरक्षितता ठेवा, म्हणजे पोटॅशियम, यकृताची एन्झाइम आणि क्रिएटिनिन. दुय्यम एसीआर. एसीआर दिवसागणिक फार हलते, म्हणून दर टप्प्याला लागोपाठ तीन सकाळची पहिली लघवी घ्या आणि गुणोत्तरीय सरासरी काढा. मासिक पाळी, ताप आणि लघवीचा संसर्ग असलेले दिवस टाळा. रक्त पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या आठवड्यात आणि मग महिन्याला. पोटॅशियम ६ किंवा एएलटी (यकृताचं एन्झाइम) कमाल मर्यादेच्या तिप्पट झालं की औषध बंद. क्रिएटिनिन ३० टक्के चढलं तर औषध थांबवून काही दिवसांत पुन्हा तपासा.

हे सगळं लिहून सीटीआरआयवर (भारतातली वैद्यकीय चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदवा, पहिल्या रुग्णाच्या आधी. एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून नोंदणी होत नाही. निष्पत्ती आधी लिहिलेली असली की निकालानंतर वीस आकड्यांतला सोयीचा एक उचलण्याचा मोह टळतो.

प्रश्न (पुणे): एका कॅप्सूलच्या जाहिरातीत ‘उंदरांवर सिद्ध, क्रिएटिनिन निम्म्यावर’ असं आहे, शोधनिबंधही जोडलाय. कसा वाचायचा?

उत्तर: किडनी कशाने बिघडवली, ते पहिल्यांदा पाहा. जेंटामायसिन आठवडाभर टोचून किंवा सिस्प्लॅटिनच्या एका इंजेक्शनने बिघडवली असेल तर ती अचानक झालेली इजा आहे, जुनाट विकार नव्हे. अर्क विष देण्याच्या आधीपासून चालू असेल तर तो बचाव झाला, उपचार नव्हे. किडनीचा सहा भागांतला पाच भाग काढून केलेले किंवा चार आठवडे ०.७५ टक्के ॲडेनिन खाद्यातून देऊन केलेले प्रयोग जुनाट विकाराच्या जास्त जवळ जातात. पण ॲडेनिनच्या प्रयोगात खाद्य किती खाल्लं, हा तक्ता शोधा. कडू अर्कामुळे उंदरांनी खाणं कमी केलं असेल तर पोटात ॲडेनिनही कमी गेलं आणि किडनी त्यानेच वाचली. हा तक्ता बऱ्याच निबंधांत नसतोच.

मग डोस. उंदराला (रॅट) किलोमागे ५०० मिलिग्रॅम अर्क दिला असेल तर माणसासाठी ६/३७ ने गुणा: किलोमागे ८१ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला जवळपास ४.९ ग्रॅम अर्क, १० टक्के उताऱ्याने ४९ ग्रॅम सुकी वनस्पती, रोज. जाहिरातीतल्या कॅप्सूलमध्ये २५० मिलिग्रॅम पूड असेल तर तेवढा डोस गाठायला दिवसाला १९० च्या वर कॅप्सूल गिळाव्या लागतील. शिवाय प्रयोगात अर्क मिथेनॉलचा आणि डब्यात नुसती पूड, असंही असतं. मग निबंधाचा आणि डब्याचा संबंध वनस्पतीच्या नावापुरता उरतो.

प्रश्न (डोंबिवली): मग कुठल्याच वनस्पतीचा किडनीला उपयोग सिद्ध झालेला नाही का?

उत्तर: झालाय, आणि तो आज लाखो लोक गोळीच्या रूपात घेतात. १८३५ साली सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून फ्लोरिझिन वेगळं केलं गेलं. ते दिलं की लघवीतून साखर जाते, हे १८८६ मध्ये कळलं. पण फ्लोरिझिन तोंडावाटे चालेना. आतड्यात ते फुटतं, नीट शोषलं जात नाही आणि जुलाब होतात. म्हणून त्याच्या रेणूत बदल करत करत डापाग्लिफ्लोझिनचा गट तयार झाला. ‘डापा-सीकेडी’ चाचणीत ४३०४ रुग्ण होते, ईजीएफआर २५ ते ७५ मधले, जवळजवळ सगळे आधीची नेहमीची औषधं घेणारे. साधारण अडीच वर्षांत ईजीएफआर निम्म्याने घटणं, किडनी निकामी होणं किंवा किडनी-हृदयाच्या कारणाने मृत्यू, हे प्लॅसिबो गटात १४.५ टक्क्यांना आणि औषधगटात ९.२ टक्क्यांना झालं. २०२० चा हा निकाल आहे. साल उकळून पिणारा कुणीही इथवर पोचला नसता.

चीनमध्ये रेवंदचिनी, ॲस्ट्रागॅलस आणि कॉर्डिसेप्सवर बऱ्याच चाचण्या झाल्या आहेत. चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने ते तपासले. क्रिएटिनिन थोडं उतरल्याचं दिसतं, पण गट पाडण्याची पद्धत आणि प्लॅसिबो यांत इतक्या त्रुटी की डायलिसिस लांबतं असं म्हणायला आधार मिळत नाही. पुनर्नवा त्याहूनही मागे आहे. ती निरुपयोगी ठरली, असा याचा अर्थ नाही. तिची नीट परीक्षाच झालेली नाही, आणि बाजारात मात्र ती पास झाल्यासारखी विकली जाते.

प्रश्न (लातूर): संधिवातासाठी चार महिने एक देशी औषध घेतलं. आता पायांना सूज आहे, लघवीला फेस येतो.

उत्तर: औषध आज थांबवा, पण डबा फेकू नका. लघवीतलं प्रथिन, रक्तातलं अल्ब्युमिन, क्रिएटिनिन, आणि सोबत रक्त व लघवीतला पारा तपासा. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात एनईएलएल-१ प्रकारच्या मेम्ब्रेनस नेफ्रोपथीचा (किडनीच्या गाळणीचा, लघवीतून प्रथिन जाणारा विकार) पारंपरिक औषधांशी संबंध दिसला, अशा औषधांत पारा असू शकतो. वेळेवर थांबवलं तर पुष्कळांचं प्रथिन काही महिन्यांत उतरतं. गोरेपणाच्या क्रीममध्येही पारा असू शकतो, वापरत असाल तर तीही डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न (ठाणे): बहिणीचं किडनी प्रत्यारोपण झालंय. प्रतिकारशक्तीसाठी गुळवेल चालेल?

उत्तर: नाही. प्रत्यारोपित किडनी टिकवण्यासाठी प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवलेली असते. हळदीच्या कॅप्सूल, ज्येष्ठमध, पपनस आणि ग्रेपफ्रूटही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. पपनसाने रक्तातलं टॅक्रोलिमस (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) चढू शकतं, ज्येष्ठमधाने बीपी चढतं आणि पोटॅशियम उतरतं. भाजीतली हळद चालते.

प्रश्न (अमरावती): ‘डायलिसिस बंद करा’ अशा जाहिराती येतात. तक्रार कुठे करायची?

उत्तर: १९५४ च्या औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या परिशिष्टात ‘ब्राइट्स डिसीज’ हे किडनीविकाराचं जुनं नाव आहे आणि मूतखडाही आहे. तो बरा करण्याची जाहिरात करता येत नाही. तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी द्या. जाहिरातीचा तारखेसह स्क्रीनशॉट किंवा कात्रण, डब्याच्या चारही बाजूंचे फोटो, परवाना क्रमांक, बॅच नंबर, बिल आणि शक्य असेल तर न उघडलेला एक डबा जोडा. उघडलेल्या डब्यातला नमुना ‘तुम्हीच काही मिसळलं असेल’ म्हणून बाजूला पडतो. त्रास झाला असेल तर १८००-१८०-३०२४ या औषध-दुष्परिणामांच्या मोफत क्रमांकावर कळवा. त्यासाठी औषध कधी सुरू झालं, कधी थांबवलं आणि त्याआधीचं शेवटचं क्रिएटिनिन, हे तीन तपशील हाताशी ठेवा.